बिनपरवान्याची हवा

प्रत्येक मराठी कुटुंबात यंत्रांचं पालकत्व आपसूक एका माणसाकडे चालत जातं. त्याला कोणी निवडत नाही, त्याची पात्रता कोणी विचारत नाही, मानधनाचा तर प्रश्नच नाही. वयानं मधला, नाही म्हणता न येणारा आणि हाकेच्या नाही तरी रिक्षाच्या अंतरावर राहणारा, एवढं पुरतं. पद जुनं आहे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे पुण्यात टीव्ही आला, तेव्हा या पदाला थेट गच्चीवर जागा मिळाली. वाड्यांच्या कौलांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर जेवढे म्हणून अँटेना उभे राहिले, ते सगळे सिंहगडाकडे तोंड करून, कारण प्रक्षेपणाचा मनोरा तिथं. पदाधिकारी वर दांडा धरून उभा, मधल्या जिन्यात निरोप पोचवायला एक पोर, आणि खालून 'आलं, आलं, आलं... गेलं!' असा गजर. त्या काळी लहर कुठून येते एवढं तरी नक्की ठाऊक होतं. आता ती टीव्हीमागच्या एका डब्यातून येते, आणि तो डबा कुठल्याही बाजूनं गडासारखा दिसत नाही.

आमच्या कुटुंबात हे पद सध्या माझ्याकडे आहे. त्यामुळे मावशीच्या लेकीनं न्यू जर्सीहून आईसाठी टॅबलेट धाडला, तेव्हा तिनं पहिला फोन मला केला. मागोमाग मावशीचा आला. "अरे, सुरू होतो, उजेडही छान पडतो, पण करत काहीच नाही. असला एक घरात आहे माझ्या, दुसरा कशाला पाठवला तिनं?"

घरातला पहिला म्हणजे आमचे काका, निवृत्त तारमास्तर. नोकरी सगळी लहान लहान गावांतून झाली. पोस्ट आणि तार एकाच खोलीत. सकाळी चावीवर, दुपारी खिडकीवर. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा काकांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्यांनी त्या दिवशी दाढी केली नाही. मावशी मराठीची निवृत्त शिक्षिका. एकाला कमीत कमी शब्दांत सांगायची सवय, दुसरीला प्रश्न पाच गुणांचा धरून उत्तर द्यायची. संसार पन्नास वर्षांच्या वर टिकला, तो या श्रमविभागणीमुळे.

टॅबलेट ही मुळातच परावलंबी जात. २०१० च्या एप्रिलमध्ये पहिला आयपॅड अमेरिकेत विक्रीला आला तो फक्त वाय-फायवर चालणारा. सिमवाला मागाहून आला. आपल्याकडे २०११ साली सरकारनं विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' काढला, सात इंची, तोही सुरुवातीला वाय-फायच्या जिवावर जगणारा. मावशीचा टॅबलेट त्याच वंशातला. तिनं तो उलटासुलटा करून सिमची खाच शोधली, सापडली नाही. "म्हणजे याचं स्वतःचं असं काही नाहीच," ती म्हणाली. "घरातल्यांनी वाढलं तर जेवणार."

"घरातल्यांनी म्हणजे कोणी?" पेपरामागून काका.

"राउटरनं, काका. त्या टीव्हीमागच्या डब्यानं. हा त्याच्याशी बोलेल. बिनतारी."

पेपर खाली आला. "बिनतारी? मग परवाना कुठाय याचा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. या माणसानं ऐन उमेदीत लोकांच्या रेडिओ परवान्यांवर शिक्के मारले होते. तेव्हा घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात फी भरून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण. मूळ कायदा १९३३ चा, आणि त्याचं म्हणणं साधं होतं: परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगायचंसुद्धा नाही. आणि रेडिओ तर बिचारा नुसता ऐकणारा. टॅबलेट ऐकतो आणि उलट बोलतोही.

"याला परवाना लागत नाही, काका. २००५ पासून."

"कोणी सांगितलं?"

"सरकारनंच." आणि हे खरं आहे. २००५ च्या जानेवारीतल्या अधिसूचनेनं २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा लहरींचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. अमेरिकेनं असलीच मुभा १९८५ साली दिली होती. त्यात औदार्य बेताचंच होतं. चांगल्या लहरी सैन्य, विमानं, टीव्ही यांच्यात आधीच वाटून गेलेल्या. उरला तो कारखान्यांतल्या भट्ट्या, दवाखान्यांतली यंत्रं आणि मायक्रोवेव्ह यांनी आधीच गढूळ केलेला पट्टा. नाही तरी तिथं कोणाला स्वच्छ बोलता येणार नाही, मग काय हवं ते करा, असा तो कारभार. या गढूळ पाण्यात पुढे अख्खं जग आंघोळीला उतरेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उठावं आणि बोलावं. ना परवाना, ना पाळी. मग ऐकायचं कोणी?"

प्रश्न बिनतोड होता. सांगतो म्हटलं, आधी जोडू तर द्या.

सेटिंगमध्ये वाय-फाय सुरू केलं आणि नावांची यादी उलगडली. राउटर हा अत्यंत बोलका प्राणी. तो सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो, घरात माणूस असो नसो, रात्र असो दिवस असो. त्यामुळे मावशीच्या हातात अवघ्या सोसायटीची हजेरी आली. तिनं चष्मा लावला आणि जोडणीचं काम पाऊण तास तहकूब झालं. कोणी कुलदैवताचं नाव दिलेलं, कोणी आडनाव आणि फ्लॅटचा नंबर. एकानं रोमन लिपीत 'स्वतःचं घ्या' असं लिहून शेजाऱ्यांचं कायमचं तोंड बंद केलेलं. "पाचव्या मजल्यावरचे घर भाड्यानं दिलंय म्हणत होते," मावशी म्हणाली, "पण नेट तर त्यांच्याच नावावर दिसतंय." जिन्यात उभं राहून जे आठवड्यात कळलं नसतं ते बसल्या जागी कळलं, आणि टॅबलेटची उपयुक्तता इंटरनेटशिवायच सिद्ध झाली.

आता तिला आपल्या राउटरचं नाव खटकू लागलं. ते कंपनीनं ठेवलेलं, रोमन अक्षरं आणि पुढे आकड्यांची शेपटी. "मराठीत ठेवता येतं?" तिचा राउटर देवनागरी घेणारा होता, म्हणून मी हो म्हटलं. तिनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "ज्ञानेश्वरी."

बसेना. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, एवढंच काय, पाय मोडल्याच्या खुणेलाही तीन लागतात. अक्षरं बाइटांत बांधायची ही यूटीएफ-८ नावाची रीत १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्याच एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. त्या रीतीनं 'ज्ञानेश्वरी'चे तुकडे होतात अकरा, आणि बाइट होतात ३३. एका बाइटनं ग्रंथ बाहेर राहिला.

"नेवाशात बसून नऊ हजार ओव्या सांगितल्या त्यानं," मावशी कडाडली, "आणि तुमच्याकडे नुसत्या नावाला जागा नाही?"

मी बोटांवर हिशेब करून पाहिला. 'अमृतानुभव' मात्र नऊ तुकड्यांत, २७ बाइटांत ऐसपैस बसतो. हे सांगितल्यावर तिचा राग निवळला. माउलींनी दुसरा ग्रंथ उगाच लिहिला नाही, असं तिचं मत पडलं. पण नाव बदललं की काकांचा फोन, टीव्ही, सगळ्यांना नव्यानं जोडावं लागेल हे कळल्यावर नामकरण पुढं ढकलण्यात आलं.

मग पासवर्ड. पासवर्ड नेटवाल्या मुलानं जोडणीच्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवला होता, डिसेंबरच्या पानावर. वर्ष संपलं, कालनिर्णय रद्दीत गेलं, रद्दी भंगारवाल्याकडे गेली. उरला राउटरच्या पोटावरचा चिकटपट्टीएवढा कागद. काका टीव्हीच्या मागं शिरले. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातात भिंग. तारमास्तर असल्यामुळे अक्षरं एकेक करून, ठाशीव आणि मोठ्या आवाजात सांगायची त्यांची जन्माची सवय. "कॅपिटल के! शून्य! नाही, ओ! थांब, शून्यच! लहान एल, किंवा एक!" मी टाइप करतोय, मावशी स्वयंपाकघरातून "काय म्हणालात? परत सांगा" म्हणतेय, काका पुन्हा पहिल्यापासून सांगताहेत. मोठं-लहान अक्षर जरा इकडचं तिकडं झालं तरी टॅबलेट नाक मुरडतो, म्हणून प्रत्येक अक्षराची जात दोनदा जाहीर झाली. तेवढ्यात विरजण मागायला आलेल्या समोरच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "काकू, शेवटचा एस मोठा की लहान?"

आणि गंमत अशी की, ज्या दोन यंत्रांसाठी हा जाहीरनामा चालला होता, ती आपसात तो पासवर्ड एकदाही उच्चारत नाहीत. ही रीत २००४ पासून घरोघरच्या वाय-फायमध्ये रुळली. राउटर टॅबलेटला एक सहज सुचलेला लांबलचक आकडा पाठवतो. टॅबलेट स्वतःचा एक आकडा काढतो, दोन्ही आकडे आणि मनातला पासवर्ड यांची घुसळण करून एक किल्ली बनवतो, आणि आपला आकडा व त्या किल्लीनं उमटवलेली खूण परत धाडतो. राउटरही आपल्यापाशी तीच घुसळण करतो. खूण जुळली तर समोरच्याला पासवर्ड माहीत आहे हे सिद्ध होतं. मग राउटर आपली खूण देतो, टॅबलेट पोच देतो. चार निरोप, संपलं. भिंतीला कान लावून कोणी सगळं ऐकलं तरी त्याच्या हाती दोन निरर्थक आकडे आणि दोन खुणा. मूळ शब्द हवेत आलाच नाही. मात्र पासवर्ड जन्मतारखेसारखा सोपा ठेवला तर ऐकणारा घरी बसून अंदाज लढवत राहतो, आणि समोरच्या वहिनींना तर तेवढाही त्रास नाही.

काकांना हे फार आवडलं. "खात्याची शिस्त आहे ही," ते म्हणाले.

पासवर्ड पटला की राउटर टॅबलेटला एक पत्ता देतो. १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा. हा पत्ता टॅबलेटच्या मालकीचा नाही. ठरावीक मुदतीच्या भाड्यानं मिळतो, पुष्कळदा एकाच दिवसाच्या, आणि मुदत अर्धी झाली की टॅबलेट गुपचूप वाढवून मागतो. पुण्यात अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करताना घरमालक, एजंट, आधार कार्डं, पोलिसांकडची नोंद आणि दोन साक्षीदार यांचं जे संमेलन भरतं ते पाहिलेल्या माणसाला या व्यवहाराचा हेवा वाटेल. इथं अनामत रक्कम नाही, मांसाहार करता का असं कोणी विचारत नाही, आणि घर सोडताना भिंतीवरच्या खिळ्यांवरून वाद नाही. आणखी मौज म्हणजे हाच पत्ता समोरच्या वहिनींच्या घरातही कोणाचा तरी असतो, सोलापुरात असतो, टोकियोतही असतो. हे आकडे १९९६ साली घरगुती वापराकरता राखून ठेवले गेले. उंबऱ्याबाहेर त्यांना अर्थ नाही.

"पत्ता सगळ्यांचा एकच, मग टपाल पोचतं कसं?" मावशीची शंका.

उत्तर काकांनीच दिलं. "टपाल इमारतीच्या पत्त्यावर येतं. आत कोणाचं कोणतं ते वॉचमन वाटतो." मला भर घालायला काही उरलं नाही.

टॅबलेटनं 'जोडलं' असं लिहिलं. आम्ही एकमेकांकडं पाहून हसलो. मग त्यानं खाली बारीक अक्षरांत पुस्ती जोडली: इंटरनेट नाही.

जोडणी आहे पण इंटरनेट नाही, हे टॅबलेटला कसं कळतं, यामागंही एक खुबी आहे. जोडणी होताच अँड्रॉइडचा टॅबलेट गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटीशी विचारणा करतो. तिचं बरोबर उत्तर म्हणजे कोरं उत्तर. त्या कोरेपणाला २०४ हा संकेतांक आहे. कोऱ्याऐवजी मजकूर आला, तर मध्ये कोणीतरी भलताच बोलतोय, विमानतळावर नंबर टाका म्हणणारं पान असावं. काहीच आलं नाही, तर पुढं रस्ता बंद.

मावशीनं हे शिक्षिकेच्या नजरेनं तपासलं. "कोरी उत्तरपत्रिका आली तर पास. लिहिलेली आली तर संशय. बोर्डाला हे आधी सुचलं असतं तर माझी निम्मी मुलं मेरिटला आली असती."

नेटवाल्या मुलाला फोन लावला. त्यानं नाव-गाव विचारायच्या आत सांगितलं, डबा बंद करून चालू करा. केला. फरक नाही. मग त्यानं खरं कारण सांगितलं: चौकात रस्ता खोदलाय, वायर तुटलीये, संध्याकाळपर्यंत होईल. पुण्यात कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतोच, त्यामुळे या कारणावर कोणी अविश्वास दाखवत नाही. सगळी बिनतारी थोरवी अखेर चौकातल्या एका तारेला टांगलेली आहे, हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी कधी विसरणार नाही.

चहा झाला. काका खुलले होते. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींच्या पलीकडे लहरी पाठवल्या, लांबची घंटा वाजवली, दारूचा बार उडवला, हे त्यांनी असं सांगितलं की जणू खात्यातल्याच एका वरिष्ठाची बढती सांगताहेत. बोसांच्या लहरी काही मिलिमीटरांच्या. आपल्या घरातली वाय-फायची लहर साडेबारा सेंटिमीटरची, अर्ध्या वितीहून थोडी लांब. नव्या राउटरांत पाच गिगाहर्ट्‌झची दुसरी लहर असते, ती याच्या निम्म्यानं आखूड. तिच्यावरून निरोप भराभर जातात, पण भिंत आली की ती दमते. "मग आमच्या कोकणातल्या घरी काय होईल?" काका म्हणाले. तिथं हातभर रुंद जांभ्याच्या भिंती. काय होतं ते मी पाहिलं आहे: डबा माजघरात, कारण प्लग तिथं, रेंज माजघरात, कारण डबा तिथं, आणि माणसं ओटीवर, कारण वारा तिथं.

संध्याकाळी खरोखरच नेट आलं. मावशीनं टॅबलेट घेऊन घरभर फिरून पाहणी केली. दिवाणखान्यात चारही रेघा. निजायच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागं एकच, कारण धातूपुढं लहरीचं काही चालत नाही, ती उलटी फिरते. खरं म्हणजे घरात लहर एकटी कधीच पोचत नाही. कपाटावर, आरशावर, फरशीवर आपटून तिचे पडसाद मागाहून येत राहतात, आणि मूळ निरोप त्या गलक्यात विरघळायला लागतो. हे पडसाद निस्तरण्याचा एक मोठा तोडगा ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत निघाला. अमेरिकेत त्याचं पेटंट १९९६ साली मंजूर झालं. त्या गटातले जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी आधी आकाशात फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांची चाहूल घेण्याचा प्रयत्न केला होता, आणि अस्पष्ट संकेत साफ करण्याचं गणित त्या कामात हाती बसलं होतं. कृष्णविवरं सापडली नाहीत. त्या गणितापायी मावशीच्या ओट्यावर कीर्तन मात्र स्पष्ट ऐकू येऊ लागलं. फक्त मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की बुवा मध्येच अडखळतात, कारण मायक्रोवेव्हची लहर २.४५ गिगाहर्ट्‌झची, म्हणजे नेमकी त्याच गढूळ पाण्यातली. पाच गिगाहर्ट्‌झवर टाकून देतो म्हटलं, तर ती म्हणाली, "राहू दे. दूध गॅसवर तापवते. बुवांना त्रास नको."

आणि मग न्यू जर्सीचा कॉल आला. तिथं सकाळ. बंगळूरचा मावसभाऊही त्यात सामील झाला. पडद्यावर तीन चौकोन, आणि सुरुवातीची पाच मिनिटं एकच वाक्य तिन्ही दिशांनी: "ऐकू येतंय का?" ऐकू येतंय याची खातरजमा झाली तशी तिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. मग तिघंही एकदम थांबली. "हं, बोल." "नाही, तू बोल." पुन्हा तिघं एकदम. काका मधल्या खुर्चीत ताठ बसून होते. चकार शब्द नाही.

"बाबा का बोलत नाहीत?" लेकीनं विचारलं.

"लाइन मोकळी मिळेना," काका म्हणाले.

कॉल संपल्यावर मी त्यांच्या सकाळच्या प्रश्नाला हात घातला: परवाना नाही, पाळी नाही, मग ऐकायचं कोणी? उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं, फक्त त्यांच्या खात्यातलं म्हणून. लहान गावांच्या मार्गावर एकाच तारेला चार-पाच ऑफिसं जोडलेली असत. कोणी कड-कट्ट करत असेल तर दुसऱ्यानं चावीला हात लावायचा नाही. आधी कान, मग हात. वाय-फायचं सगळं चलनवलन या एका नियमावर उभं आहे. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं. हवेत कोणी बोलत असेल तर गप्प. हवा मोकळी झाली तरी लगेच तोंड उघडायचं नाही, थोडं थांबायचं.

"थोडं म्हणजे किती?"

सगळी मेख इथं आहे. सगळ्यांनी सारखंच थांबायचं ठरवलं, तर सगळे पुन्हा एकदमच बोलणार. दोन सभ्य माणसं दारात 'आधी तुम्ही' करत जी अडकतात ती यामुळेच. सभ्यता दोघांची सारखी भरते. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरची यंत्रं एकाच रेडिओ लहरीवर जोडली, तेव्हा हा पेच आला. तोडगा असा निघाला की निरोपाची पोच आली नाही, तर निरोप कोणाच्या तरी निरोपावर आदळला असं समजायचं, आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवायचा. त्या वाटेनं चालत आलेल्या वाय-फायमध्ये प्रत्येक यंत्र शून्य ते पंधरा यांतला एक आकडा मनात धरतं आणि तेवढ्या ठोक्यांनी थांबतं. एक ठोका म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी. टक्कर झालीच, तर पुढच्या वेळी एकतीसपर्यंत, मग त्रेसष्टपर्यंत, असं वाढत वाढत १०२३ पर्यंत. जितक्यांदा टक्कर तितका धीर जास्त. परवाना गेला तेव्हा त्याच्या जागी काहीच आलं नाही असं काकांना वाटत होतं; आली होती ती ही रीत. आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला शिपाई नेमलेला नाही. पाळली नाही तर कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही, एवढाच धाक. सोसायटीतले सगळे राउटर एका हवेत नांदतात ते या धाकावर, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत त्यांचे मालक जमले की काय होतं ते आपण जाणतोच.

"चांगलं आहे," काका म्हणाले. "पण आमच्याकडे एक्सप्रेस तार असायची. जास्त पैसे, आधी नंबर. मयताची तार लग्नाच्या शुभेच्छांमागं कशी ठेवणार?"

तेही आलं आहे, मी सांगितलं. २००५ साली या नियमांना ८०२.११ई ही जोड मिळाली. बोलण्याचे चार वर्ग झाले: आवाज, चित्र, साधा मजकूर आणि पार्श्वभूमीतलं सावकाशीचं काम. साध्यानं पंधरापर्यंतचा आकडा धरायचा, आवाजानं फक्त तीनपर्यंत. टक्कर झाली तरी आवाजाला सातच्या पुढं थांबावं लागत नाही. बोलणं ताजं असलं तरच उपयोगाचं, पत्र क्षणभर उशिरा आलं तरी चालतं, असा त्यामागचा विचार.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मावशी हात पुसत बाहेर आली. "म्हणजे आवाजाला थांबायला लावायचं नाही, असा नियमच आहे?"

"आहे."

"मग इतकी वर्षं मी काय वेगळं सांगतेय?" तिनं उभ्या उभ्या घराची वर्गवारी करून टाकली. आवाज ती स्वतः. चित्र न्यू जर्सीची लेक, कारण ती सारखी काही ना काही दाखवत असते. साधा मजकूर म्हणजे मी. उरलेला वर्ग कोणाचा, हे सांगायची गरज पडली नाही.

काकांनी जरा विचार केला. "शेवटच्या वर्गातलं पोचतं ना, पण?"

"पोचतं. बाकीच्यांचं झालं की."

"मग हरकत नाही," असं म्हणत त्यांनी पेपर पुन्हा उघडला. "मी रात्री अकरानंतर बोलतो."